ब्रेल ग्रंथातील विरामचिन्हे आणि मांडणी : मराठी लिप्यंतराचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

मराठी ग्रंथांचा अभ्यास करताना संहितेची शुद्धता, पाठभेद, मुद्रणदोष यांचा विचार आपण आवर्जून करतो. एखाद्या आवृत्तीत स्वल्पविराम कोठे पडला, कवितेची ओळ कोठे तुटली, यावर अभ्यासक पानेच्या पाने लिहितात. हीच संहिता ब्रेलमध्ये जाते तेव्हा मात्र साहित्याचा अभ्यासक तिच्याकडे फिरकत नाही. ते काम सेवाभावी संस्थेचे, तंत्रज्ञाचे किंवा फार तर विशेष शिक्षकाचे, अशी समजूत आपल्या मराठी विभागांमध्ये रुजली आहे. प्रस्तुत लेखात ही समजूत तपासून पाहावयाची आहे. मुद्रित पुस्तक ब्रेलमध्ये आणणारा लिप्यंतरकार हा प्रथम त्या पुस्तकाचा वाचक असतो. त्याने संहिता समजून घेतली आहे की नाही, हे विरामचिन्हे आणि पृष्ठावरील मांडणी या दोन ठिकाणी चटकन उघडे पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा विचार आज करण्यास एक कारण आहे. लेखाधिकाराची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रती तयार करण्यास मुभा मिळाली. २०१३ मध्ये मराकेश येथे याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत ठरला. संगणकावरील लिप्यंतर आणि एम्बॉसर यांमुळे पुस्तक तयार होण्याचा वेळही पुष्कळ घटला. ‘पुस्तक मिळत नाही’ ही तक्रार संपलेली नाही, हे खरे. पण तिच्या शेजारी ‘मिळालेले पुस्तक कसे आहे’ हा प्रश्न आता उभा आहे, आणि तो आपल्या शास्त्राच्या कक्षेतला आहे.

आधीच भरलेल्या जागा

लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली पद्धती प्रसिद्ध केली. सहा ठिपक्यांच्या एका घरातून, कोरे घर सोडल्यास, ६३ आकृती निघतात. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ही एकच ध्वन्याधारित व्यवस्था स्वीकारण्यात आली. क साठी इंग्रजी के ची आकृती, ब साठी बी ची, ए साठी ई ची, असे तिचे सर्वसाधारण धोरण आहे. मराठी ब्रेल याच व्यवस्थेत लिहिले जाते. देवनागरीत अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे बसणाऱ्या मात्रा येथे एका सरळ रांगेत येतात; ऱ्हस्व वेलांटीसुद्धा व्यंजनाच्या नंतरच येते. जोडाक्षर उकलून हलन्ताच्या चिन्हासह लिहिले जाते.

आता मराठीची वर्णमाला मोठी. स्वर, व्यंजने, अनुस्वार, विसर्ग, हलन्त यांतच ६३ पैकी बहुतेक आकृती खर्ची पडतात. विरामचिन्हे मात्र इंग्रजी ब्रेलमधून, त्यांच्या इंग्रजी आकृतींसह आली. येथे मराठी विरामचिन्हांचा इतिहास आठवावा. ती मुळात आपली नव्हतीच. मोडीच्या लेखनात शब्द तोडण्याचीही रीत नव्हती. मेजर टॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ सिद्ध केली आणि इंग्रजी चिन्हे मराठी गद्यात स्थिरावू लागली. त्या वेळी या पाहुण्यांना देवनागरीत स्वतंत्र जागा सहज मिळाली, कारण त्यांचा आकार कोणत्याही मराठी अक्षरासारखा नव्हता. ब्रेलमध्ये तेच पाहुणे दुसऱ्यांदा आले तेव्हा काही जागा आधीच भरलेल्या होत्या.

उद्गारचिन्हाची आकृती २-३-५ या ठिपक्यांची आहे, आणि फ या अक्षराचीही तीच. अपूर्णविरामाची आकृती २-५ आहे. ती ञ ची आहे. समाप्तीचे अवतरणचिन्ह ३-५-६ आहे. ते झ आहे. प्रश्नचिन्ह आणि आरंभीचे अवतरणचिन्ह दोन्ही २-३-६. स्वल्पविराम म्हणजे एकटा दुसरा ठिपका, आणि अवग्रहही तोच. अंकांच्या आधी येणारे अंकचिन्ह ३-४-५-६ असून ण ची आकृतीही तीच आहे.

ही यादी ऐकून कोणासही वाटेल की असे ब्रेल वाचताच येणार नाही. तसे नाही. अनुभवी वाचक स्थानावरून अर्थ ठरवतो. मराठी शब्दाच्या शेवटी ञ येत नाही, म्हणून तेथे भेटलेली आकृती अपूर्णविराम असते. शब्दारंभी ण जवळजवळ येत नाही, म्हणून आरंभीची ती आकृती अंकचिन्ह ठरते. जैनांच्या णमोकार मंत्रासारखा अपवाद वगळता हा नियम टिकतो. अवतरणचिन्ह शब्दापूर्वी, प्रश्नचिन्ह शब्दानंतर. भाषेच्या ध्वनिरचनेचे ज्ञान येथे बोटाच्या मदतीला येते, आणि वर्णमालेची रचना शिकवण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

पण हा आधार सर्वत्र सारखा पुरत नाही. फ शब्दाच्या शेवटी मराठीत खुशाल येतो. परिणामी ‘वा!’ हा उद्गार आणि ‘वाफ’ हा शब्द ब्रेलमध्ये ठिपका न ठिपका सारखे दिसतात. मराठी ललित गद्यात ‘वा!’ किती वेळा येतो हे वेगळे सांगावयास नको. संदर्भावरून वाचक सावरतो. परंतु सावरण्यासाठी त्याला वाक्यात मागे यावे लागते, आणि बोटाचे मागे येणे डोळ्याच्या मागे येण्याइतके स्वस्त नसते. विजय तेंडुलकर यांच्या १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या शीर्षकातील उद्गारचिन्ह हुकूम आणि उपरोध दोन्ही वाहते. तेथे फ वाचल्यास शब्दच बनत नाही, म्हणून वाचक लगेच ओळखतो. ‘वा!’ च्या बाबतीत दोन्ही शब्द खरे असल्याने ती सोय नाही. सावध लिप्यंतरकार अशा जागा हुडकून काढील. ‘व्वा!’ असे लिहिणे हा उपाय सुचतो, पण तो लेखकाच्या लेखनात हस्तक्षेप आहे. तो करावयाचा तर वाचकाला सांगून करावा.

अवग्रहाची गोष्ट याहून मराठी आहे. संस्कृतात लुप्त अकाराची खूण असलेले हे चिन्ह मराठी कथाकारांनी हेल दाखविण्यासाठी वापरले. ‘अरेऽऽ’, ‘नाहीऽ’, ‘आईऽऽ गं’ असे बोल ग्रामीण कथेत आणि नाटकात भरपूर सापडतात. शब्दाच्या मध्ये आलेला दुसरा ठिपका अवग्रह म्हणून ओळखता येतो. शब्दाच्या शेवटी आलेला एकटा अवग्रह मात्र निव्वळ स्वल्पविराम वाटतो. हाक मारणारा माणूस लांबवर ओरडतो आहे, आणि ब्रेल वाचक समजतो की तो थांबला. लांबविणे आणि थांबणे हे दोन विरुद्ध व्यापार एका ठिपक्यावर येऊन पडतात, तेव्हा संवादाची लय उलटी होते. शैलीचा विचार करणाऱ्या समीक्षकाने याकडे दुर्लक्ष करावे हे उचित नाही.

आणखी एक अडचण केवळ कागदाची आहे. स्वल्पविराम, विसर्ग, हलन्त, चंद्रबिंदू ही चारही चिन्हे एकेका ठिपक्याची आहेत. एकटा ठिपका घरात नेमका कोठे आहे हे शेजारच्या आकृतीवरूनच कळते. पुस्तक अनेक हातांखालून गेले की असे एकटे ठिपके आधी बसतात. पूर्णविराम २-५-६ आणि प्रश्नचिन्ह २-३-६; दोहोंत फरक एका ठिपक्याच्या जागेचा. ‘तो आला.’ आणि ‘तो आला?’ या दोन वाक्यांत मराठी दुसरी कोणतीही खूण देत नाही. ग्रंथालयातील जुन्या प्रतीवर बोट फिरवणाऱ्याला हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही.

अंक आणि प्रत्यय

ब्रेलमध्ये अंकांना स्वतंत्र आकृती नाहीत. अंकचिन्ह दिल्यावर ए ते जे ही पहिली दहा इंग्रजी अक्षरे १ ते ९ आणि ० होतात. भारती ब्रेलमध्ये याच आकृती अ, ब, च, द, ए, ग, ह, इ, ज यांच्या आहेत. इंग्रजीत अंकाला लागून असे अक्षर क्वचित येते; आले तर मध्ये ५-६ ठिपक्यांचे अक्षरचिन्ह घालून अंकाचा अंमल थांबविता येतो. मराठीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. प्रत्यय शब्दाला चिकटतो, तसा अंकालाही चिकटतो, आणि ५-६ ही आकृती आपल्याकडे अनुस्वाराला देऊन टाकलेली आहे.

याचा परिणाम पाहावा. ‘५च’ म्हणजे फक्त पाच. च ची आकृती तीनची असल्याने बोटाला ५३ लागतात. ‘इयत्ता ५ब’ ही ५२ होते. ‘१९६०चे दशक’ यात च म्हणजे ३ आणि एकार म्हणजे ५, म्हणून १९६०३५ अशी सहा अंकी संख्या तयार होते. ‘१९६०मध्ये’ किंवा ‘१९६०ला’ यांत म आणि ल त्या दहांत नसल्याने काहीच बिघडत नाही. म्हणजे एकाच परिच्छेदात एक साल बरोबर आणि दुसरे चूक, असा प्रकार घडतो, आणि चूक का झाली हे डोळस मुद्रितशोधकाला उमगत नाही, कारण त्याच्या पडद्यावरील देवनागरी निर्दोष असते. साहित्येतिहासाच्या पुस्तकात, जेथे प्रत्येक पानावर ‘चे’ लागलेली साले असतात, तेथे हा दोष किती पसरेल याची कल्पना करता येते.

उपाय साधा आहे. अंक आणि प्रत्यय यांच्यामध्ये संयोगरेषा किंवा मोकळे घर ठेवावे, आणि संपूर्ण पुस्तकात एकच पद्धत पाळावी. मुद्रित मराठीतही कित्येक संपादक ‘१९६० चे’ असे तोडून लिहितात; आपल्याकडे तो चवीचा भाग मानला जातो. ब्रेलमध्ये त्यावर संख्या अवलंबून आहे.

पद्याची ओळ

गद्यात परिच्छेद तिसऱ्या घरापासून सुरू करून पुढच्या ओळी पहिल्या घरापासून लिहिण्याचा संकेत आहे. पद्यात याच्या उलट, प्रत्येक ओळ पहिल्या घरापासून सुरू होते, आणि ओळ मावली नाही तर उरलेला भाग खाली तिसऱ्या घरापासून येतो. हा संकेत यंत्राला शिकवता येतो. पण मराठी पद्याच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही.

ब्रेल पृष्ठाची रुंदी साधारणतः तीस ते चाळीस घरांची असते. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात एकोणीस अक्षरे. प्रत्येक अक्षराला किमान एक घर. स्वरचिन्ह असेल तर दोन. जोडाक्षर असेल तर त्याहून अधिक. शिवाय शब्दांमधील मोकळी घरे. हा हिशेब चाळिशीच्या घरात किंवा पुढे जातो. म्हणजे मोरोपंत-वामनांचे वृत्तबद्ध काव्य ब्रेलमध्ये आणताना चरण तुटणारच. प्रश्न एवढाच की तो कोठे तुटावा. यंत्र तो जागा संपेल तेथे तोडते. वृत्त जाणणारा लिप्यंतरकार तो बाराव्या अक्षरानंतर, यतीच्या ठिकाणी तोडील, कारण कवीनेच तेथे थांबा दिला आहे. बारा आणि सात अशी विभागणी झाली की ओळ तुटूनही वृत्त बोटाला लागते. कागद थोडा अधिक लागेल. यतिस्थान दाखविण्याची अशी उत्तम सोय मुद्रित आवृत्तीतही नसते. येथे अडचणीतूनच ती निघते.

ओवीची तऱ्हा निराळी. तिचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. ज्ञानेश्वरीच्या अनेक आवृत्तींत ओवी दोन ओळींत छापतात, त्यामुळे यमकाची स्थाने ओळीच्या पोटात जातात. डोळ्याला ती तरीही दिसतात. बोटाला दिसण्यासाठी चरणागणिक ओळ करावी काय? प्रस्तुत लेखकाचे उत्तर होकारार्थी आहे, मात्र अभ्यासाच्या आवृत्तीपुरते. पारायणाच्या प्रतीत मूळ छापाप्रमाणे जाणे बरे. दंडाची आकृती पूर्णविरामाचीच, आणि दोन दंडांमधील ओवीक्रमांकाला अंकचिन्ह लागते. हा क्रमांक ओळीच्या अखेरीस ठेवला तर तो शोधण्यासाठी प्रत्येक ओळ पूर्ण वाचावी लागते. बोट पानाच्या डाव्या कडेने खाली उतरत जाते, म्हणून क्रमांक आरंभी आणणे सोयीचे. परंपरेची सवय त्याला विरोध करील, करू द्यावा.

जेथे मांडणी हीच कविता आहे

येथवरच्या उदाहरणांत मांडणी ही अर्थाची वाहक होती. काही कवितांत ती अर्थच असते. अरुण कोलटकर यांच्या १९७६ च्या ‘जेजुरी’ या इंग्रजी संग्रहात, अखेरच्या भागात, देवस्थान आणि रेल्वे स्टेशन यांच्यामध्ये ज्वारीच्या शेतात नाचणाऱ्या कोंबड्यांची कविता आहे. वर आणि खाली या अर्थाचे इंग्रजी शब्द तेथे पानभर विखुरले आहेत. जाहिरातक्षेत्रातील दृश्यकलावंताचे संस्कार असलेल्या या कवीने शब्दांना उड्या मारायला लावले आहे. हा संग्रह आपल्या अनेक विद्यापीठांत शिकविला गेला आहे.

या पानाचे काय करावे? शब्द नेहमीच्या ओळींत लावले तर एका शब्दाची कंटाळवाणी पुनरुक्ती उरते, आणि विद्यार्थ्याला वाटते की कवीचे काहीतरी चुकले. मूळ स्थाने जपून शब्द पानावर विखरून ठेवले, तर वाचकाचे बोट कोऱ्या जागेत भटकते; काही शब्द त्याला सापडणारही नाहीत. पहिल्या मार्गात कविता नष्ट होते. दुसऱ्यात ती राहते, पण वाचकाला तिच्या अस्तित्वाची सूचना हवी. म्हणून लिप्यंतरकाराची टीप: पुढील पानावर शब्द विखुरलेले असून दोन्ही हातांनी संपूर्ण पान चाचपावे. दोन्ही हातांखाली पानभर उड्या मारणारे शब्द लागणे हा अनुभव मुद्रित कवितेच्या फार जवळचा आहे. कदाचित अधिक शारीर. अशी टीप लिहिण्यासाठी कविता कळावी लागते. ती लिहिणाऱ्याला तंत्रज्ञ म्हणणे अपुरे आहे.

वीस किंवा चाळीस घरांची एकच ओळ दाखविणारी इलेक्ट्रॉनिक ब्रेल पट्टी आता वापरात आहे. तिच्यावर पान ही गोष्टच उरत नाही, आणि कोलटकरांची ही कविता तिच्यावर वाचताच येणार नाही. कागदी ब्रेल कालबाह्य झाल्याचे जे उत्साहाने सांगतात त्यांनी हे लक्षात घ्यावे.

मूळ प्रतीचे दोष

लिप्यंतरात दिसणारे पुष्कळ दोष लिप्यंतराचे नसतात. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी पुस्तके श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींतील फॉन्टांत जुळविली जात. त्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी चिन्हांच्या जागी बसविलेले असत. अशी फाइल युनिकोडमध्ये बदलताना अक्षरे बहुधा नीट येतात, कारण त्यांच्याकडे सर्वांचे लक्ष असते. घात होतो तो अवतरणचिन्हे, अपसारणचिन्हे आणि अवग्रह यांचा. पानाचे छायाचित्र घेऊन अक्षरओळख केलेल्या प्रतीत वेगळी गंमत. मुद्रित ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यासाठी दिलेली संयोगरेषा ब्रेल ओळीच्या मध्यावर येऊन बसते, आणि ‘महा-विद्यालय’ असा शब्द तयार होतो. आई-वडील यातील रेषा राखावयाची आणि ही काढावयाची, हा विवेक शब्द जाणणाराच करू शकतो.

नाटकाच्या प्रतीत ठळक ठशातील पात्रनाम, तिरप्या ठशातील रंगसूचना आणि साधा संवाद असे तीन थर डोळ्याला क्षणात दिसतात. फाइल साध्या मजकुरात उतरवली की तिन्ही एक होतात. कंसाचा आधार घ्यावा, तर जुन्या पद्धतीत उघडणारा आणि मिटणारा कंस एकच, २-३-५-६. लांब रंगसूचना मध्येच हाती लागली तर आपण कंसाच्या आत आहोत की बाहेर, हे कळण्यास मार्ग नाही. इंग्रजीच्या एकीकृत ब्रेलने, ज्याला २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, दोन कंस वेगळे केले. मराठीत तोवर रंगसूचना स्वतंत्र ओळीवर, ठराविक घर सोडून लिहिणे हा व्यवहार्य मार्ग आहे. तेंडुलकरांच्या संवादांतील अर्धी वाक्ये आणि टिंबे यांची संख्याही जशीच्या तशी ठेवण्याचा आग्रह नको. प्रत्येक टिंबाला एक घर लागते. तीन टिंबांचा एक संकेत पुरे. मात्र टिंबे आणि ‘स्तब्धता’ ही लिखित सूचना यांतला फरक बुडता कामा नये.

आक्षेप

ध्वनिमुद्रित पुस्तके आणि पडदावाचक उपलब्ध असताना एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारले जाते. पडदावाचक वापरणारा विद्यार्थी पुष्कळ आणि वेगाने वाचतो, हे मान्य. पण निवेदकाच्या तोंडून आलेले पुस्तक म्हणजे निवेदकाने विरामचिन्हे आधीच सोडवून दिलेले पुस्तक. पडदावाचकात चिन्हे उच्चारण्याची सोय असली, तरी ललित गद्य ऐकताना ‘स्वल्पविराम’, ‘उद्गारचिन्ह’ हे शब्द सतत ऐकणे कोणासही सहन होत नाही, म्हणून ती बंद ठेवली जाते. विद्यार्थी ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हे कधी भेटलेलीच नसताना परीक्षेला बसतो. लेखनिकाला उत्तर सांगतो. आणि लेखनिकाने घातलेल्या स्वल्पविरामांवर त्याचे लेखन जोखले जाते. २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू झाले तेव्हा त्याच्या वाचकांना मिळालेली गोष्ट केवळ बातमी नव्हती. ती लिहिलेली मराठी होती.

दुसरा आक्षेप कागदाचा. ब्रेलचे एक मुद्रित पान दोन ते तीन पाने घेते, कादंबरीचे अनेक खंड होतात, म्हणून मोकळ्या ओळी गाळाव्यात असे म्हटले जाते. काटकसर कोठे करावी हे ठरविले पाहिजे. शोभेची रेघ, नक्षी, प्रकरणारंभीचे मोठे अक्षर खुशाल गाळावे. प्रसंग बदलल्याची मोकळी ओळ गाळू नये.

मुद्रित पृष्ठक्रमांकाबाबत तर काटकसर मुळीच करू नये. वर्गात प्राध्यापक ‘पान ८४ काढा’ म्हणतात, प्रबंधात संदर्भ पृष्ठाने द्यावा लागतो, आणि ब्रेल प्रतीचे ८४ वे पान मुद्रित प्रतीच्या तिसाव्या पानाच्या आसपास असते. मुद्रित पान जेथे बदलते तेथे त्याचा क्रमांक देणे हा पाठ्यग्रंथांच्या लिप्यंतरातील रूढ संकेत आहे, आणि तो पाळण्यास एका ओळीहून अधिक जागा लागत नाही. तळटीप संबंधित परिच्छेदानंतर लगेच द्यावी की प्रकरणाच्या शेवटी, यावर मतभेद संभवतो. पहिल्या खंडाच्या आरंभी जी लिप्यंतरकाराची टीप असावयास हवी, तिच्यात हा निर्णय, प्रत्ययापूर्वीच्या संयोगरेषेचा निर्णय, आधारभूत आवृत्तीचे वर्ष आणि तिच्यातील अनुच्चारित अनुस्वार राखले की १९६२ च्या नियमांप्रमाणे काढले, एवढे चार-पाच ओळींत नोंदविलेले असावे. खाली लिप्यंतर करणाऱ्याचे नाव असावे, जसे संपादकाचे असते.